दुधीची रोपं आणि गोगलगायी



गेल्या आठवड्यात पाठशाळेतल्या एका मैत्रिणीचा फोन आला. "तुझ्याकडं दोडक्याची रोपं टिकतात कशी गं? माझी काल संध्याकाळी छान उभी होती. सकाळी बघते तर नुसत्या काड्या, आणि मातीवर चकचकीत रेघा." ती रेघ माझ्या चांगल्या ओळखीची आहे. मी तिला दोन-चार उपाय सांगितले, पण ते उपाय माझ्याकडे कसे आले हे फोनवर सांगायचं राहिलं. खरं तर सांगायला जरा लाज वाटली. म्हणून आज लिहायला बसले.

आमच्या घरामागे छोटंसं परस आहे. तीन वाफे, एक शेवग्याचं झाड, एक पपई, कपडे धुवायचा दगड, आणि कुंपणापलीकडे एक रिकामा प्लॉट. त्याच्या पुढे ओढा आणि ओढ्यापलीकडे मळे. जमीन काळी. पाऊस लागला की ती महिनाभर वाळतच नाही. चातुर्मासात आमच्याकडे पालेभाजी बंद, कंदमुळं तर बाराही महिने नाहीत. मग राहतात त्या फळभाज्या: दुधी, दोडका, कारलं, गवार, भेंडी. बाजारातल्या भाजीवर किती फवारे मारलेले असतात हे माहेरी शेती असल्यामुळे मला चांगलं माहीत आहे. त्यामुळे निदान चातुर्मासापुरती तरी घरची भाजी असावी, ही माझी जुनी हौस.

दोन वर्षांपूर्वी या हौसेला आणखी एक कारण मिळालं. त्या वर्षी आमच्या गावात माताजींच्या संघाचा चातुर्मास ठरला. चौका लावायचा मान आमच्याही घराला मिळणार होता. मी बोटांवर हिशोब केला. मृगात बी टाकलं तर दुधी दोन महिन्यांत धरतो, म्हणजे श्रावणात माताजींच्या आहारात आपल्या परसातला कोवळा दुधी! शेजारणींना सांगूनही टाकलं. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या दुधीत भक्ती किती होती आणि मिरवणं किती होतं, याचा हिशोब तेव्हाच करायला हवा होता.

बी उगवलं. दुधीची पहिली दोन पानं तुम्ही पाहिली असतीलच, जाड, गुळगुळीत, हिरवीगार. ज्याला भूक लागलीय त्याच्यासाठी मांडून ठेवलेली पोळीच ती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि दोन रात्रींत अकरा रोपांपैकी आठ गेली. दोडक्याची तर सगळीच. गवारीला मात्र फारसं तोंड लावलेलं नव्हतं.

रात्री दहाला टॉर्च घेऊन मागे गेले तर दृश्य बघून मी दारातच थांबले. कपड्याच्या दगडाखालून, कुंड्यांच्या ओळीमागून, विटांच्या ढिगातून त्या निघाल्या होत्या. काही हाताच्या मुठीएवढ्या, तपकिरी पट्ट्यांच्या शंखाच्या. काही बिनशंखाच्या, काळपट, चपट्या, पानाच्या देठाला चिकटलेल्या. सगळ्यांचं शांतपणे जेवण चाललेलं. आमच्या घरात सूर्यास्तानंतर कुणी पाणीसुद्धा पीत नाही, आणि परसात ही पंगत! हसू आलं, पण तिसऱ्या दुधीच्या रोपावर एक चढताना दिसली तेव्हा हसू गेलं.

ही मोठी शंखी गोगलगाय मुळात आपल्याकडची नाही. ती पूर्व आफ्रिकेतली. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या एका इंग्रज शंखसंग्राहकाने मॉरिशसहून ती कलकत्त्याला आणली आणि तिथून ती देशभर पसरली. एकेका गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही असतात, आणि ती ओल्या मातीत एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालते. आपल्या साबुदाण्यासारखी पांढरी, गोल. उन्हाळ्यात ती शंखाचं तोंड आतून बंद करून महिनोन्‌महिने मातीत पडून राहते. म्हणजे आपल्याला वाटतं पावसाने आणल्या. त्या तिथेच असतात, आपल्या कुंडीखाली. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे याच गोगलगायींनी सोयाबीनचे कोवळे कोंब खाल्ले आणि कित्येक शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. तेव्हा मी "अरेरे" म्हणून पान उलटलं होतं.

मोबाईलवर उपाय शोधले. पहिला उपाय, अंड्याची टरफलं चुरून रोपाभोवती टाका. दुसरा, वाटीत बियर भरून मातीत पुरा. तिसरा, वर मीठ टाका. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघ बाई, या मोबाईलच्या नादानं घरात अंडी, दारू आणि हत्या तिन्ही एका दिवसात आणशील." मीठ टाकल्यावर तिच्या अंगातलं पाणी ओढलं जातं, फेस येतो आणि तडफडून मरते. लहानपणी माहेरच्या गल्लीत पोरांना असं करताना मी पाहिलंय. त्यानंतर दोन दिवस मीठ वाढताना माझा हात अडखळायचा.

गोगलगाय म्हणजे पाठशाळेत शिकलेला द्वीन्द्रिय जीव. शंख, शिंपला, गांडूळ, जळू यांच्याच पंगतीतला. स्पर्श आणि रसना, एवढी दोनच इंद्रियं. कान नाहीत, आणि आपल्या शास्त्राच्या मोजणीत डोळेही नाहीत. (शिंगांच्या टोकाला डोळे असतात असं विज्ञानाच्या पुस्तकात आहे. माझ्या मुलीने पाठशाळेत हा प्रश्न विचारला होता आणि ताईंनी "पुढच्या रविवारी सांगते" म्हटलं होतं. तो रविवार अजून यायचाय.) पण डोळे दोन धरा की शून्य, ती त्रस जीव आहे, हलते-चालते, स्पर्श झाला की अंग आत घेते. आणि दुधीचं रोप एकेंद्रिय, स्थावर. त्यालाही जीव आहेच. म्हणजे एका जीवाला दुसऱ्यापासून वाचवायचं, ते कशासाठी, तर पुढे आपण त्याचं फळ चिरून खावं म्हणून. या विचाराने डोकं फिरतं म्हणून मी तो फार लांबवत नाही.

मग मी माझ्या मते सगळ्यात निर्दोष मार्ग निवडला. उचलायचं आणि बाहेर सोडायचं.

कृषीखात्यातली माणसं सांगतात तो एक उपाय फार चांगला आहे. गोणपाट भिजवून वाफ्याच्या कडेला रात्री पसरायचं. ओलावा आणि अंधार मिळाला की पहाटे त्या खाली येऊन बसतात. त्यात गुळाचं पाणी वापरायला सांगतात आणि सकाळी गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकायला सांगतात. आमच्या घराला अर्धाच सल्ला चालणारा. गुळाच्या पाण्याने मुंग्या इतक्या आल्या की गोणपाट उचलताना त्याच चिरडायला लागल्या. तेव्हा गूळ बंद केला आणि खाली भोपळ्याची नाहीतर पपईची साल ठेवायला लागले. साल तितकीच चालते.

पहिल्या सकाळी बावीस मिळाल्या. कुंपणावरून रिकाम्या प्लॉटात सोडल्या. दुसऱ्या सकाळी एकोणीस. तिसऱ्या सकाळी पुन्हा एकवीस. मुलगी म्हणाली, "आई, त्याच तर येत नसतील?" आणि तिने तिचं गुलाबी नेलपॉलिश आणून प्रत्येकीच्या शंखावर एकेक ठिपका दिला. तिने कुठेतरी वाचलं होतं की इंग्लंडमधल्या रूथ ब्रूक्स नावाच्या एका आजींनी 2010 मध्ये असंच शंखांवर खुणा करून, गोगलगायी घरी परत येतात का याचा प्रयोग केला होता, आणि बीबीसी रेडिओच्या हौशी शास्त्रज्ञांच्या स्पर्धेत त्या पहिल्या आल्या. सासूबाईंना हा प्रकार मुळीच आवडला नाही. "तिला कशाला नटवताय? लग्नाला निघालीय का?"

दोन दिवसांनी गोणपाटाखाली सात गुलाबी ठिपके. पंधरा-वीस पावलांवरून त्या आपल्या घरी परत आल्या होत्या. त्यांचं घर म्हणजे आमचं परस, एवढंच.

मला राग आला. आता लिहितानाही तो राग आठवतो, म्हणून लपवत नाही. माताजी गावात यायला पंधरा दिवस राहिले होते आणि तीनच रोपं उरली होती. मी झाकणाची बादली घेतली. रात्री टॉर्च घेऊन जेवढ्या सापडतील तेवढ्या वेचायच्या, झाकण लावून ठेवायचं, आणि सकाळी फिरायला जाताना फरशीच्या पुलावरून ओढ्यापलीकडे नेऊन सोडायच्या. पाण्यावरून काही त्या परत येणार नाहीत. आठ-नऊ दिवस हे केलं. चाळीसेक तरी नेल्या असतील, गुलाबी ठिपक्यांच्या धरून.

सासूबाई बघत होत्या. त्या चटकन बोलत नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी जपाची माळ ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहिंसाणुव्रताचे अतिचार किती?"

"पाच. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध." पाठशाळेतलं पाठांतर मला अजून झोपेतही येतं.

"मग रातभर बादलीत कोंडलंस त्यो बंध झाला की न्हाई? आणि उपाशी ठेवलंस त्यो?"

मी म्हटलं, "आई, मारण्यापेक्षा बरं की."

"मी मार म्हटलं का? आणि रात्री ओल्या गवतातनं टॉर्च घेऊन फिरतीस, तुझ्या पायाखाली काय काय गेलं ते बघायला दुसरी टॉर्च लागंल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्रीचं वेचणं बंद केलं आणि पहाटे, पायाखालचं दिसायला लागलं की जायला लागले. ओल्या दिवसात ऊन येईपर्यंत त्या बाहेर असतातच, शिवाय गोणपाट आहेच. हे मात्र सगळ्यांनी लक्षात घेण्यासारखं आहे. रात्रीच जायला हवं असं काही नाही. बादलीचं झाकण काढलं, आत ओला पालापाचोळा टाकला. पण ओढ्यापलीकडे नेणं चालूच ठेवलं, कारण त्यात दोष आहे असं मला तेव्हा वाटतच नव्हतं. उलट पुलावरून परत येताना मी मनातल्या मनात स्वतःवर खूश असायची.

जुलैच्या मध्यावर चार दिवस संततधार लागली, फिरणं बंद होतं. पाचव्या दिवशी उघडीप पडली म्हणून पलीकडे गेले. ओढ्यालगत दहा गुंठ्यांचा एक तुकडा आहे. तो एक तात्या वाट्याने करतात. नुकतीच कोबीची लावण झालेली. बांधावरून जाताना पायाखाली कुरकुर आवाज आला. खाली बघितलं तर शंख. रिकामे, अर्धे भरलेले, उलटे, चिकट फेसात अडकलेले. बांधाच्या कडेने निळसर गोळ्यांची ओळ टाकलेली. वास असा की पदर नाकाला लावावा लागला. आणि त्यात, दोन हातांच्या अंतरावर, एका शंखावर गुलाबी ठिपका होता. थोडं पुढे दुसरा.

तिसरा शोधायला मी थांबले नाही.

तात्या तिथेच खुरपत होते. मला बघून म्हणाले, "वैनी, सांभाळून या, औषध टाकलंय. कुत्रंबित्रं आणू नका इकडं." मी विचारलं, फार नुकसान झालं का. म्हणाले, "बांधाकडच्या चार ओळी साफ केल्या की. रोप इकत आणलं, मजुरी दिली, आन तिसऱ्या दिवशी नुसते बुडखे. यंदा ह्या बाजूनं लईच आल्यात, कुठनं आल्या कुणाला ठाऊक."

कुठून आल्या ते मला ठाऊक होतं. मी "हो का" म्हटलं आणि घरी आले.

ते औषध म्हणजे मेटाल्डिहाइड. गोळीला आमिष लावलेलं असतं. ती खाल्ली की गोगलगायीच्या अंगातला सगळा चिकटा बाहेर पडतो आणि ती वाळून मरते. म्हणजे मिठाचंच काम, जरा सावकाशीने. मी जे माझ्या घरात करायला नकार दिला होता तेच पुलापलीकडे झालं होतं, आणि करायला लागलं होतं एका अशा माणसाला, ज्याचं त्या चार ओळींवर पोट आहे. माझा दुधी गेला असता तर मी बाजारातून दुधी आणला असता. त्याचा कोबी गेला तर त्याने कुठून आणायचा?

आपल्या शास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. ठरवून केलेली संकल्पी. घरकामात होते ती आरंभी. पोटापाण्याच्या धंद्यात होते ती उद्योगी. स्वतःच्या, आपल्या माणसांच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. श्रावकाला संकल्पी पूर्ण वर्ज्य, बाकीच्या जमेल तितक्या कमी करायच्या. आमच्या सांगली-कोल्हापूरकडचे जैन हे बहुतेक शेतकरीच. माझ्या वडिलांनी, भावाने नांगर धरलाय, फवारा मारलाय, आणि दर प्रतिक्रमणाला त्याबद्दल मान खाली घातलीय. त्यांची उद्योगी हिंसा मला कळते. तात्यांचीही त्यातलीच धरता येईल, ते जैन नसले तरी. पण माझी कुठल्या खान्यात टाकायची? मी मारलं नाही. मारा म्हटलं नाही. मारलेलं मला आवडलंही नाही. कृत, कारित, अनुमोदना, तिन्हींतून मी सुटले असं कागदावर दिसतं. तीन-चार दिवस मी हाच कागद स्वतःला वाचून दाखवत होते.

सासूबाईंना शेवटी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "सोडताना म्होरं काय हाय ते बघितलं हुतंस?"

"नाही."

"मग त्यो प्रमाद."

एवढंच. परत माळ हातात. आपल्याकडे हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे, हे मी किती वेळा म्हटलं असेल. बेसावधपणाने, आपल्याच नादात केलेल्या कृतीने प्राण गेले तर ती हिंसा. मी समोर कोबीची लावण चाललेली रोज पाहत होते. मला ती दिसत होती, पण मी बघत नव्हते.

त्या वर्षी माताजींच्या चौक्यात आमच्या परसातला दुधी गेला नाही. उरलेल्या तीनांपैकी एक वेल वाढला, त्याला भाद्रपदात दोन दुधी आले. तोवर आमच्याकडचा आहार होऊन गेला होता. बाजारातून आणलेल्या दुधीचीच भाजी केली. माताजींनी अंतरायाशिवाय आहार घेतला. कुठला दुधी, हे कुणी विचारलंही नाही.

दशलक्षण पर्व झालं आणि क्षमावाणीचा दिवस आला. आपण बस्तीत एकमेकींना "उत्तम क्षमा" म्हणतो, ते गोड असतं, कारण जिची मागतो तिचं बहुतेक वेळा आपण काहीच बिघडवलेलं नसतं. मी त्या दिवशी दुपारी पूल ओलांडून तात्यांकडे गेले. पाकिटात थोडे पैसे घेतले होते. गोगलगायी मी आणून सोडल्या, हे सांगितलं. किती, केव्हा, तेही सांगितलं. तोंड कोरडं पडलं होतं.

तात्या आधी नीट समजलेच नाहीत. मग हसले. "अवो वैनी, ओढ्यातनं हजार येत्यात. तुमच्या चाळीसनं काय हुतंय?" पैसे घेतले नाहीत. मी निघाले तर मागून म्हणाले, "पर एक सांगू का? असं करायच्या आधी इचारायचं हुतं. म्या म्हटलं असतं, थांबा आठ दिस, लावण झाल्यावर बघू." आवाजात हसू नव्हतं तेव्हा. ती क्षमा मिळाली की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण त्यानंतर ते आमच्याशी जरा जास्तच बोलायला लागले, एवढं खरं.

आता उपायांकडे वळते, कारण मैत्रीण त्यासाठीच थांबलीय.

गेल्या वर्षापासून मी एकही गोगलगाय परसाबाहेर नेलेली नाही. मुळात त्यांना पाहुणचार मीच करत होते, हे आधी ध्यानात आलं. विटांचा ढीग, रिकाम्या कुंड्यांची उतरंड, फळकूट, जुनी पोती, हे सगळं त्यांचं दिवसाचं घर. ते मी वैशाखात, कडक उन्हात हलवलं. पावसाळ्यात हलवू नका, खाली अंडी असतात, पिल्लं असतात. आणि संध्याकाळी पाणी घालायची सवय मोडली. दोन पावसांमध्ये उघडीप असली की मी सकाळीच, मुळाशी, तांब्याने पाणी घालते. रात्रीपर्यंत माती वरून सुकते आणि सुक्या मातीवरून त्यांना चालवत नाही. एवढ्यानेच अर्धा फरक पडला.

दुसरं म्हणजे बी वाफ्यात टाकायचं नाही. कागदी कपात लावून गच्चीवर, लोखंडी घडवंचीवर ठेवायचं. दुधी-दोडक्याला पाच-सहा पानं आली, देठ जरा खरखरीत झाला की मगच खाली आणायचं. त्यांना कोवळं हवं असतं. राठ झालेल्या वेलाचं एखादं पान त्या खातील, वेल जात नाही. कपातल्या वेलाचं मूळ दुखावता कामा नये, म्हणून कप फाडून मातीसकट लावायचं. दुधीला मुळाची ओढाताण खपत नाही.

पहिले आठ-दहा दिवस खाली लावलेल्या रोपावर झाकण. यासाठी मी काय वापरते सांगू? पाणी गाळायची जुनी फडकी. आपल्या घरांत ती ढिगाने निघतात, विरली की टाकवत नाहीत. बांबूच्या चार काड्या कमानीसारख्या रोवायच्या, वरून फडकं, आणि कडा मातीत चार बोटं गाडायच्या. संध्याकाळी घालायचं, सकाळी काढायचं. कडा नीट गाडली नाही तर त्या खालून जातात, हे दोनदा अनुभवलंय. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून टोपी करतात तीही चालते, पण ऊन पडायच्या आत काढली नाही तर रोप आत शिजतं. बाटलीचं नुसतं कडं करून उपयोग नाही. त्या गुळगुळीत प्लास्टिकवर आरामात चढतात.

राखेचं सगळे सांगतात. आमच्याकडे बंबाची राख भरपूर. कोरडी असेपर्यंत ती काम करते. शिंगं टेकली की ती मागे वळते, मी बसून बघितलंय. पण एक सर आली की राखेचा चिखल होतो. शिवाय जाड थर असला आणि एखादी मध्येच अडकली तर तिला त्रास होतो. म्हणून मी फक्त उघडिपीत, पातळ रेघ ओढते. चुना अजिबात नाही, तो भाजतो. तांब्याची पट्टी लावा म्हणून एकीने सुचवलं. तांब्याचा भाव ऐकून मी तो विषय देवघरातल्या तांब्यापुरताच ठेवला.

आणि त्यांचा वाटा. पपईखालच्या कोपऱ्यात, वाफ्यांपासून जितकं लांब जमेल तितकं, मी भाजीच्या सालींचा खड्डा केलाय. भोपळ्याची, दुधीची, पपईची सालं, पिवळी पानं रोज संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत तिथे टाकते. वरती ओलं गोणपाट. ताज्या पानापेक्षा अर्धवट कुजलेलं त्यांना आवडतं, निदान आमच्याकडच्यांना. पहाटे वाफ्यात एखादी चुकार दिसली तर तिला जुन्या रंगाच्या मऊ ब्रशने सुपलीत घेते आणि त्या कोपऱ्यात ठेवते. महाराजांच्या पिंछीची आठवण होते, पण तेवढी मृदुता माझ्या ब्रशात नाही. हातमोजे घाला, निदान नंतर साबणाने हात स्वच्छ धुवा. उंदरांकडून येणारा एक कृमी या गोगलगायींत असू शकतो आणि तो माणसाला फार धोकादायक आहे. मुलांना हात लावू देऊ नका. नेलपॉलिशचा आमचा प्रयोग त्या दृष्टीनेही मूर्खपणाच होता.

शेजारीण म्हणते, "असं पोसलंस तर वाढतील." वाढतीलही. गेल्या पावसाळ्यात एक भारद्वाज यायला लागला, तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा. त्या खड्ड्याशीच घुटमळायचा, आणि दगडावर शंख आपटल्याचा आवाज यायचा. पहिल्या दिवशी मी त्याला हाकलायला धावले. सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, "त्याला नगो शिकवू पाठशाळा." पण त्याला यायला कारण मीच खड्डा करून दिलंय, हेही मला दिसतंच. याचं उत्तर माझ्याकडे नाही.

गेल्या वर्षी बारा रोपांतली दहा जगली. तात्या यंदाही औषध टाकणार आहेत, पुडा आणून ठेवलाय. मी नका टाकू म्हटलं नाही, तो हक्क मला नाही. एवढंच सांगितलं की गोळ्या उघड्यावर न टाकता करवंटीखाली ठेवा, म्हणजे पाखरं आणि कुत्री वाचतील. त्यांनी ऐकलं. घरातल्या करवंट्या मी फोडत नाही आता, त्यांच्यासाठी साठवते. आणि दर वर्षी लावण कुठल्या दिवशी, ते मला आधी सांगून ठेवतात.

मृगाला अजून दहा-बारा दिवस आहेत. गावरान दुधीचं बी माझ्याकडे जास्तीचं आहे, दोडक्याचं थोडंच. ज्यांना हवं त्यांनी रविवारी अभिषेकानंतर बस्तीत येताना छोटी कोरडी डबी आणा. जुनी गाळणी टाकून देऊ नका. फाटलेली असतील तर माझ्यासाठी आणा.

जयजिनेंद्र.